तुरीच्या पावतीची शपथ

अहो,
पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. मी आईंना घेऊन बिडकीनच्या गोदामावर कागद द्यायला चाललेय.

सकाळी नोटरीकडं गेलो होतो. गोदामाची पावती हरवली तर दुसरी मिळते, पण ती कशी हरवली ते जिच्या नावावर तूर ठेवलीय तिलाच शपथेवर सांगावं लागतं. आईंनी पदर सावरला अन् सांगून टाकलं. देवीचा हात राहावा म्हणून त्यांनीच पावती घटाखाली मातीत ठेवली होती, दसऱ्याला ती घटाबरोबर विहिरीत गेली. घरात एवढी भांडणं झाली तरी भीतीनं गप्प होत्या, पण शपथ म्हटल्यावर आवाजसुद्धा कापला नाही. अहो, त्याच कागदावर उगवलेलं धान तुम्ही टोपीत खोचून गावभर मिरवलात!

अजून जामीनदार लागतो. उद्या जुनी पावती घेऊन कुणी तूर मागायला आलं, तर भरपाई त्याच्या अंगावर. तुमच्या भावकीत कुणी तयार होईना. माझा गोकुळदादा लगेच हो म्हणाला, गोदामावर सही करायला येतोय. पावती त्यानंच चोरली म्हणत होतात ना तुम्ही?

आईंना काही बोलू नका. अन् जेवायच्या आधी दादाला फोन करा.

शीला