ओलं बोट

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी सव्वादहा. उशीच्या अभ्र्याला टाके घालून झाले आणि हे लिहायला बसलो.

खोली मिळाली! खिडकीला पडदा आहे, नळाला पाणी आहे, डेपो पायी जाण्यासारखा. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला बसगाड्यांच्या घोषणा करायची नोकरी मिळावी, तीही पंख्याखाली बसून! आई म्हणाली, तुझा गळाच तुला पोसणार बघ. महिनाभर चाचणी, मग कायम.

घरमालकीण काकू एकट्याच असतात. बाहेरच्या खोलीत काकांचा जुना स्टिरिओ रिसीव्हर आहे: लाकडी पेटी, लांब काचेची पट्टी, दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्पीकर. काका गेल्यापासून तो मुका आहे. लावून दिलास तर या महिन्याचं भाडं निम्मं, असं काकू म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रिसीव्हरच्या खोडी कळू लागल्या. पेटी तापली की स्टेशन जागेवरून सरकतं, म्हणून आधी अर्धा तास नुसता चालू ठेवायचा. काट्याचा दोरा घसरलेला आहे, त्यामुळे काटा ९८ वर दिसतो तेव्हा आपण खरे ९९ वर असतो. आवाज मोठा आला म्हणूनही भरवसा ठेवायचा नाही. कोपऱ्यातल्या छोट्या मीटरची सुई मधोमध यायला हवी. ती काही येईना.

काकू म्हणाल्या, अरे, आमचे हे तर बोट थुंकीने ओलं करून मागच्या अँटेनाच्या स्क्रूवर टेकवायचे, मग कसा गुमान चालायचा!

मला शिसारी आली. स्क्रूभोवती पिवळट पापुद्रा साचला होता, आंबलेल्या तोंडासारखा वास. तो स्पिरिटने खरवडून काढला. पाणी लावून पाहिलं, सुई ढिम्म. शेवटी डोळे मिटून थुंकी लावली. सुई टुणकन मधोमध.

काकू म्हणाल्या, आमच्या जावयापेक्षा गुणी निघालास की रे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

थुंकी रोज जास्त लागते. स्क्रू आता कोमट लागतो, मऊ, हिरडीसारखा. बोट दर वेळी साबणाने धुतो, तरी बुळबुळीत राहतं. गाणं संपून दुसरं लागेपर्यंत आतून कुणीतरी घशात बेडका घोळवतं. काकू जेवताना तेच ऐकत बसतात. म्हणतात, ह्यांचंही अगदी असंच व्हायचं. माझा घास तोंडातच फिरत राहिला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

डेपोत जीभ टाळूला चिकटली. सात नंबरची गाडी सांगताना शब्दच फुटेना. साहेब म्हणाले, घशाला तेलपाणी कर बाबा, नाहीतर दुसरा बघतो. तांब्याभर पाणी प्यालो. तोंड कोरडं ते कोरडंच.

घरी आलो तर स्पीकरचं कापड ओलं. खाली लाळेची तार लोंबत होती. काकूंनी ती रुमालाने टिपली, बाळाचं तोंड पुसावं तशी. रुमाल घडी करून उशाला ठेवला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काकूंना सांगितलं, आजपासून मी बोट लावणार नाही. वाटलं, भाडं पूर्ण मागतील. त्या म्हणाल्या, आता गरजच नाही रे बाळा.

खरंच. सुई आपोआप मधोमध आहे. प्लग उपटून हातात धरला, तरीही गाणं चालूच —

बुधवार, १९ फेब्रुवारी

थुंकी नाही. थेंबभरही. डेपोत तोंड उघडलं, नुसती हवा —

साहेब म्हणाले, उद्या येऊ नकोस.

पेटीचं झाकण काढलं. तारांवरून काहीतरी गुलाबी, ओलसर सरकत होतं, दातांत अडकलेलं शोधावं तसं. झाकण लावलं. ओकारी आली. कोरडी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

स्पीकरमधून घोषणा. सात नंबरची गाडी सुटत आहे. माझा आवाज — स्वच्छ, ओला. मग घसा खाकरला आणि काकूंकडे चहा मागितला.

काकू आतून म्हणाल्या, आणते हो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

निघतो. अनामत परत मागायची चिठ्ठी काकूंपुढे धरली. काकू स्पीकरकडे वळून म्हणाल्या, अहो, ह्याचा हिशेब किती होतो? माझ्या आवाजात उत्तर आलं. चूक नाही. उतरवून घेतो —

अनामत दिली, तीन हजार. निम्मं भाडं दिलं, सातशे. स्पिरिट, नव्वद.

येणे: अनामत, तीन हजार.

देणे: थुंकी पूर्ण फिटली. बाकी जीभ. ती मुळाशी सैल झाली आ—