बहिरा पाय

बाबा, परवा डॉक्टरीणबाईंनी माझ्या तळपायाला टाचणी टोचली आणि विचारलं, "कळतंय का?" मी म्हटलं, टोचा ना मग. त्यांचं टोचून झालं होतं. साखरेनं पाय बधीर झालेत, रोज आरशात तळवा बघत जा, म्हणाल्या. तेव्हापासून मला भीती वाटते आहे, आणि तुमची घोडी डोळ्यांपुढून हलत नाही.

धम्मदीक्षा घेऊन परतलात त्या साली आणलेली ती लाल घोडी. पाच-सहा वर्षं लोहाऱ्याहून यवतमाळला टांगा ओढून तिचा पुढचा उजवा पाय कायमचा दुखरा झाला. लेप झाले, नाल बदलून झाली, लंगडणं काही जाईना. शेवटी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला दोरानं पाडवलं, खुराच्या वर मागच्या अंगाला दोन्हीकडं चीर दिली आणि पांढऱ्या दोऱ्यासारखी नस कापून काढली. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले, आणि मी भिंतीकडं तोंड करून. महिन्याभरानं घोडी सरळ चालायला लागली. तुम्ही हात जोडलेत, तर डॉक्टर म्हणाले, "बरी नाही झाली. दुखणं तिथंच आहे, तिला कळत नाही एवढंच. खिळा रुतला तरी पळत राहील."

"म्हंजे पाय बहिरा झाला म्हना," तुम्ही म्हणालात. घरी येताना मला सांगितलंत, "आता तिचं आपल्यालेच आयका लागते, बाई. टाप बदलली का सांगजो."

मग रोज शाळेला जाताना मी तुमच्या शेजारी कान लावून बसायची. नवीकोरी मास्तरीण मी, पण वर्गापेक्षा त्या टापांचीच धास्ती जास्त. निघण्याआधी तुम्ही खूर उचलून बोटांनी चाचपायचात. शाळेच्या तपासणीच्या दिवशी मीच घाई केली. "चाला न बाबा, साहेब येऊन राह्यले आज." तुम्ही उचललेला पाय तसाच खाली ठेवलात.

नाक्याच्या अलीकडं टाप बदलते. टप, टप, टप, आणि चौथीला टपटक. सैल नालेचा आवाज. तुम्ही मागच्या सवारीशी बोलताय. सांगितलं तर टांगा थांबणार, मी उशिरा पोचणार. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरते आणि पुढं बघते. घोडी मजेत पळते आहे.

संध्याकाळी तुम्ही खूर उचललात, तर नाल फिरून तिचा खिळा आत गेलेला. दिवसभर ती त्यावर पळली होती. खूर हातात धरूनच तुम्ही विचारलंत, "तुले काही आयकू आलतं का वं?"

मी म्हटलं, "नाही."

"मलेबी नाही. माहे कान गेले वाटते."

आठवड्यात खूर आतून सडला आणि डॉक्टरांनी तिला शेवटची सुई दिली. लोक म्हणाले, दुसरी घोडी घ्या. तुम्ही म्हणालात, "मी बहिरा मानूस, लगाम कसा धरू?" पुन्हा टांगा जुंपला नाहीत. मरेपर्यंत मी हाक मारली की कानाला हात लावून "आं?" म्हणायचात. तुम्हाला स्वच्छ ऐकू यायचं, हे एकट्या मला माहीत होतं.

आज आरसा घेऊन बसले. पाय वर घेतला आणि न बघताच खाली ठेवला. हा कागदही घडी करून आरशामागं ठेवणार आहे. आवाज मला आला होता, बाबा.