जोडलेला नमुना परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
संशोधन-उद्योग निधी कक्ष,
विद्यापीठ प्रशासकीय इमारत, तिसरा मजला.

विषय : अर्जासोबत चुकून जोडलेली गादी परत मिळण्याबाबत, ते शक्य नसल्यास परिच्छेद ७ नंतरच्या पर्यायी विनंतीबाबत.

संदर्भ : १) आपली जाहिरात, अट क्र. ९ – "विहित नमुना अर्जासोबत जोडावा."
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.
३) आवाजाच्या त्रासाबद्दल आपल्या अभिलेख कक्षाने अर्जदारास दिलेली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार ही वस्त्रतंत्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तिने सहा वर्षे खपून एक पातळ गादी तयार केली. अंगाचा भार एकाच जागी दोन तास राहिला की ही गादी वाजू लागते आणि माणसाला कुशीवर वळवल्याशिवाय गप्प बसत नाही. तिला बंद करायचे बटण नाही. ते मुद्दामच ठेवलेले नाही, कारण बटण असले की लोक ते दाबतात आणि पुन्हा झोपतात. या गादीची कंपनी काढावी म्हणून अर्जदाराने आपल्या कक्षाकडे निधी मागितला.

२. गादीतला वीज वाहून नेणारा धागा अर्जदाराच्या वडिलांनी शिवला आहे. वडील पेशाने शिंपी. "मलाच ही गादी लागायच्या आत काढ बाई तुझी कंपनी," असे ते शिवताना गमतीने म्हणत. पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. कंपनी निघालेली नव्हती, पण पहिला वापरकर्ता घरातच मिळाला. दीड वर्ष त्यांच्या पाठीवर ओरखडाही उठला नाही.

३. आता अर्जदाराची चूक. प्रयोगशाळेत नमुना म्हणजे करून दाखवलेली पहिली वस्तू. कचेरीत नमुना म्हणजे छापील फॉर्म. अर्जदाराची हयात प्रयोगशाळेत गेल्यामुळे अट क्र. ९ वाचून तिने वडिलांच्या पाठीखालून गादी काढली, हलक्या हाताने धुतली, वाळवली आणि अर्जाला जोडली. खिडकीवरच्या बाईंनी हूं की चूं न करता पोच दिली. आठवडाभरात गादी परत येईल असे अर्जदाराने घरी सांगितले होते. त्याला आज सात महिने झाले.

४. नियमानुसार गादीला दोन भोके पाडून ती फायलीच्या दोरीत ओवण्यात आली. भोके कडेच्या शिवणीत पडली म्हणून यंत्र बचावले. फॉर्म नसल्याने अर्ज अपूर्ण ठरला. चूक कळल्यावर अर्जदाराने फॉर्म आणून दिला, तो मुदतीनंतरचा म्हणून वेगळ्या फायलीत गेला. निर्णय होईपर्यंत अर्जाला जोडलेले सहपत्र परत देता येत नाही, आणि नमुना पाहिल्याशिवाय समिती निर्णय करत नाही. समितीपुढे अर्जदार रिकाम्या हातांनी उभी राहिली. "मॅडम, नमुना कुठाय तुमचा?" असे अध्यक्षांनी अगदी आपुलकीने विचारले. अर्जदाराने जमिनीकडे बोट दाखवले, कारण गादी ज्या अभिलेख कक्षात आहे तो त्याच इमारतीत तळमजल्यावर आहे. टिप्पणीत "समाधानकारक उत्तर मिळाले नाही" अशी नोंद झाली.

५. दुसरी गादी करावी, असे आपल्या कक्षातून तोंडी सुचवण्यात आले. विभागातला धागा संपला आहे, नवा निधीतूनच घ्यायचा आहे, आणि शिवणाऱ्याचा उजवा हात उचलत नाही. गजराचे घड्याळ लावून पाहिले. दिवसा वडिलांजवळ आत्या असते. तिचे वय झाले आहे. घड्याळाला बटण आहे.

६. वडिलांच्या माकडहाडापाशी जखम झाली आहे. तीत आता अर्जदाराचा अंगठा मावतो. अर्जदार सकाळी ती धुते, पट्टी बांधते, हात धुते आणि कामावर येते. या सगळ्याचा राग यायला हवा हे तिला कळते. तो येत नाही. रडूही येत नाही. "पास झाली का गं आपली गादी?" असे वडील रोज विचारतात, आणि "विचाराधीन आहे" असे अर्जदार रोज सांगते. त्यांना तो शब्द आवडतो. कोणीतरी विचार करत आहे असे त्यांना वाटते.

७. संदर्भ ३ मधील नोटिशीचा खुलासा देण्यासाठी अर्जदार अभिलेख कक्षात गेली असता तिला पुढील गोष्ट दिसली. गादीवर फायलींचा गठ्ठा ठेवलेला आहे, त्यामुळे ती दर दोन तासांनी वाजते. सहपत्र मिळाले त्याच स्थितीत जतन करावे असा नियम असल्याने अभिलेखपाल तिचे सेलही वेळेवर बदलतात. गादी वाजली की ते चहा बाजूला ठेवून उठतात, एक हात गठ्ठ्याखाली घालतात, दुसऱ्याने आधार देतात आणि गठ्ठा सावकाश दुसऱ्या कुशीवर वळवतात. परिचारिकांना हे शिकवावे लागते. त्यांना कोणी शिकवलेले नाही. गठ्ठ्यातल्या एकाही कागदाचा कोपरा दुमडलेला नाही. अर्जदार तिथे उभी राहून दोन वेळा हे पाहून आली.

सबब विनंती की, गादी परत द्यावी. नियमात बसत नसल्यास अर्जदाराच्या वडिलांना या अर्जाचे सहपत्र म्हणून दाखल करून घ्यावे आणि त्यांना तळमजल्यावर त्या गठ्ठ्याच्या जागी ठेवावे. निर्णयाची घाई नाही.

आपली अजूनही नम्र,
(सही)
प्रयोगशाळा सहायक, वस्त्रतंत्र विभाग
दि. ११ ऑगस्ट

सोबत :
१) गादीच्या पोचपावतीची प्रत.
२) विहित नमुना (फॉर्म), दुसऱ्यांदा.
३) वडील, एक. आदेश होताच हजर करण्यात येतील. कृपया भोके पाडू नयेत.