तुझ्या सीटखालची खडखड

अगं,

जीप घेऊन पुन्हा गॅरेजला जातोय. आवाज गेल्याशिवाय परत येणार नाही.

तीन आठवडे मी तुला ठासून सांगत होतो की खडखड जीपमध्ये नाही, तुझ्या कानात आहे. आज सकाळी मेकॅनिकला चालवायला दिली आणि पहिल्यांदाच तुझ्या सीटवर बसलो. डावीकडे वळताच थेट माझ्या बुडाखाली खडखडलं. महिन्यापूर्वी जीपची उंची वाढवून घेतली तेव्हा तिथला बोल्ट मीच हौसेने आवळला होता, हे त्याला बोललेलो नाही. उतरताना मात्र पाय जमिनीला पोचेना, तेव्हा त्याने मला काखेत हात घालून उतरवलं.

उद्या बाबांना हॉस्पिटलमधून आणायला एकटी बसने जाऊ नकोस. जीपनेच जाऊ. दोन्हीकडे पायऱ्या बसवून आणतोय. चढायला ठेवलेलं तुझं स्टूल आता स्वयंपाकघरात ने.