अठरा पानांची चार पानं

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, गुडघ्यांची परवानगी नाही.) तुझी झोप कशी आहे, हातांचं काय म्हणणं आहे आणि वहिनीचं काहीही न ऐकण्याचा तुझा नेम अजून चालू आहे का, ते सविस्तर कळव. इकडे मी ठणठणीत. ठणठणीत कसली, दादा, मी जिंकले! तू मला लहानपणापासून भोंगा म्हणतोस ना, त्या भोंग्यासाठी परवा अख्खं सभागृह टाळ्या वाजवत होतं. पण क्रमाने सांगते, नाहीतर म्हणशील, हिचं नेहमीचंच, शेपटाकडून सुरुवात.

गेल्या वर्षी तुझे हात थरथरायला लागले म्हणून मी तुला आमच्या इस्पितळात ओढून आणलं होतं, आठवतंय ना? मोठ्या डॉक्टरांनी हाताच्या कंपावरच्या नव्या औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र तुझ्यापुढे ठेवलं, चांगलं अठरा पानी. तू घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून चौथ्या पानापर्यंत गेलास, 'यादृच्छिकीकरण' या शब्दाशी अडलास, भिंग टेबलावर ठेवलंस आणि "मी काय उंदीर आहे?" म्हणून तरातरा निघून गेलास. त्याच महिन्यात दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलंस. मी आठ दिवस तुझ्यावर धुमसत होते. मग ती अठरा पानं स्वतः वाचली (दोन रविवार गेले) आणि तुझ्यावरचा राग उतरून थेट डॉक्टरांवर चढला. पुढे इस्पितळाच्या नीतिसमितीने सह्या केलेल्यांपैकी चौघांना विचारलं, कशावर सही केलीत? एकालाही सांगता येईना. एका आजोबांना तर तो पेन्शनचा फॉर्म वाटला होता. समितीने चाचणीच थांबवली. लोकांना कळेल असं लिहा, मग बघू.

आता कळेल असं लिहायचं कोणी? मी नोंदणीच्या खिडकीवर बसून एकवीस वर्षं लोकांना एकच गोष्ट चार-चार तऱ्हांनी सांगते आहे. गेले केबिनमध्ये आणि म्हटलं, मी लिहिते. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खिडकीतली खुर्चीच उठून आत आली. पण दुसरं कोणी तयार नव्हतं, त्यामुळे हो म्हणाले.

माझी पद्धत साधी होती. आमचा लिफ्टमन मुलखाचा अबोल. त्याच्याकडे एकच शब्द आहे, "म्हणजे?" मी तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरायची आणि एक वाक्य वाचायची. चौथ्या मजल्यापर्यंत त्याने "म्हणजे?" विचारलं की वाक्य बाद. सहा आठवडे मी अशी वर-खाली करत होते. (खिडकीवरच्या रांगेने मला काय काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) एकदा डॉक्टर स्वतःच आत शिरले आणि आपलं एक लाडकं वाक्य त्यांनी त्याला ऐकवलं. दुसऱ्या मजल्यावर "म्हणजे?" आलं. तिसऱ्यावर पुन्हा आलं. चौथ्या मजल्यावर डॉक्टर घाम पुसत उतरले आणि मला म्हणाले, तेवढं वाक्य तुम्हीच लिहा.

तर यादृच्छिकीकरणाचं झालं, "तुम्हाला कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरेल. चिठ्ठी संगणक टाकतो, डॉक्टर नाही." संभाव्य प्रतिकूल परिणामांचं झालं, "मळमळेल, झोप येईल, आणि काही त्रास असेही होतील जे आम्हालाच अजून माहीत नाहीत." या शेवटच्या तुकड्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. लोक घाबरतील, असं डॉक्टरांचं म्हणणं. मी म्हटलं, खरं आहे ना? मग घाबरू देत थोडे. तो तुकडा राहिला. अठराची चार पानं झाली, अक्षर चांगलं टपोरं.

आणि परवा सभा. पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू करायच्या चाचणीची माहिती द्यायला बावीस रुग्ण बोलावले होते, समितीच्या अध्यक्षबाई मागच्या रांगेत वही घेऊन बसलेल्या. त्यांना पटलं नाही तर चाचणी कायमची बंद. आता, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली, आणि कोणाला कोणती ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, हे नुसत्या तोंडाने कोणाला पटतं? म्हणून मी कँटीनवाल्या बाईंना दोन सारख्या किटल्या भरायला सांगितल्या होत्या. एकीत कडक कॉफी, दुसरीत तरतरीचा अंश (कॅफीन) काढलेली. ओळखायला एकीला लाल दोरा, दुसरीला निळा. बाई स्वच्छतेच्या भोक्त्या. किटल्या घासताना दोन्ही दोरे काढून टाकले की त्यांनी! मला कळलं तेव्हा बावीस पेले रिकामे झाले होते. डॉक्टर धावत आले आणि कानाशी म्हणाले, अहो, कडक कॉफीने कंप वाढतो, खरी किटली कोणती? मीही कानातच उत्तर द्यायला हवं होतं. पण भोंगा तो भोंगा. मी मोठ्याने सांगून टाकलं, "मला ठाऊक नाही! डॉक्टरांनाही ठाऊक नाही! चाचणीत हे असंच असतं!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! एक काका शपथेवर सांगू लागले की त्यांचा हात जास्त थरथरतोय, म्हणजे त्यांची खरी. एक आजी म्हणाल्या, पहिल्या घोटापासून मला सोळा वर्षांची झाल्यासारखं वाटतंय. मग मी विचारलं, कोण भाग घेणार? तेरा जण हो म्हणाले आणि नऊ जण नाही. डॉक्टरांचा चेहरा पडला. पण ते नऊ जण कारणं देत होते, दादा! आजी म्हणाल्या, मला दर आठवड्याला यायला जमणार नाही, आणि बिनऔषधाची गोळी नशिबी आली तर मला चालायचं नाही. तेव्हा अध्यक्षबाई उठल्या. म्हणाल्या, अकरा वर्षं या समितीवर आहे, समजून-उमजून दिलेला नकार आज पहिल्यांदा ऐकला. चाचणी मंजूर! मग त्या टाळ्या. लिफ्टमनसुद्धा दारात उभा राहून वाजवत होता. पुढच्या पाच चाचण्यांची संमतीपत्रंही आता मीच लिहायची, असं डॉक्टरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मला रडू आलं, ते मी कॉफीवर ढकललं.

वहिनीला नमस्कार सांग आणि तिचं ऐक.

तुझाच विजयी,
भोंगा

ता. क. कँटीनवाल्या बाई काल खिडकीवर आल्या होत्या. कंपाच्या लोकांना कडक कॉफी कशी द्यायची, म्हणून त्यांनी दोन्ही किटल्यांत बिनतरतरीचीच भरली होती म्हणे. म्हणजे सगळ्यांत शहाण्या त्याच. काकांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. चार पानं सोबत जोडली आहेत. औषधाने गुण येईलच, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, आणि मीही लिहिणार नाही. तिसऱ्या पानावर मात्र लिहिलं आहे, "तुम्ही नाही म्हणालात तरी इस्पितळात कोणीही रागावणार नाही." ते शंभर टक्के खरं. (बहिणीबद्दल काही लिहिलेलं नाही. तरी नाही रागावणार. प्रयत्न करीन.) तेव्हा नाही म्हणायचं तर म्हण, पण या वेळी शेवटपर्यंत वाचून म्हण.

ता. क. ३. ही पानं वाचायला भिंग लागत नाही, मी मुद्दाम अक्षर मोठं ठेवलं आहे. तुझं भिंग वर्षभर माझ्या खणात आहे. तू एकदाही मागितलं नाहीस, दादा, तेच मला सहन होत नाही. सही करायला नको येऊस. भिंग न्यायला ये.