पावणेतीनवरचे हात

अहो,
सप्रेम जय भीम.

उद्या माझी गाडीची परीक्षा आहे, म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे. आज कागदावर भांडते, कारण काल एक गोष्ट कळली आणि ती तुमच्याशिवाय आधी कुणाला सांगू?

तुम्ही मला फौजदारीण म्हणायचात. यायला उशीर झाला की मी तुमच्या चपलेची माती बघायची, कुठल्या गावची ते विचारायची. तुम्ही हसायचात. तो संशयी स्वभाव काही तुमच्याबरोबर गेला नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला टँकरचा मालक आला. जेवला, हात धुतले आणि चारचौघांत म्हणाला, वळणावर तुम्ही एका हातानं स्टेरिंग धरलं होतं, दुसऱ्या हातात तंबाखू होती, म्हणून टँकर उलटला. लोकांनी माना हलवल्या. आपली प्रज्ञा माझ्या शेजारी बसून ऐकत होती. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हा तर त्या वेळी उदगीरला होता. ह्याला तुमचा हात कुठून दिसला?

तंबाखू तुम्ही खायचात, खरं आहे. पण गाडी थांबवून. आणि एक हात? ज्या माणसानं बायकोला परातीवर गाडी शिकवली, तो?

आठवतं का? भाकरीची परात माझ्या हातात देऊन म्हणालात, "घड्याळ समज. पावणेतीन वाजव." डावा हात नऊवर, उजवा तीनवर. वळताना हातावर हात चढवायचा नाही. एकानं वर ढकलायचं, दुसऱ्यानं खाली ओढायचं. चाक आतून धरायचं नाही. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वळण सरलं तरी चाक मोकळं सोडायचं नाही, तेही हातातूनच माघारी येऊ द्यायचं. चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, दोघंबी यडी झाली.

भरल्या टँकरला तुम्ही कधी भ्यायला नाहीत. भ्यायचात ते अर्ध्याला. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि गाडीला घेऊन जातं, हे तुम्हीच सांगायचात. म्हणून एकाच गावात टाकी पार रिकामी करायचात. मग तुमचा टँकर उलटला कसा? हा प्रश्न मला वर्षभर जेवू देत नव्हता.

चौकात 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असे फलक लागले होते तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, जिल्हा झाला की सायबाची गाडी चालवीन, पाण्याची न्हाई. जिल्हा अजून झालेला नाही. फलक मात्र उन्हानं पांढरे पडलेत.

काल गाडी शिकवणाऱ्या सरांनी मुद्दाम वळणांचा रस्ता धरायला लावला. तोच रस्ता. त्या वळणाच्या जरा वर एक तांडा आहे, आणि रस्त्याच्या कडेला पाण्याची टिपाडं ओळीनं मांडलेली. टिपाडं अशी मांडतात ती टँकर थांबतो तिथंच! पण तुमच्या फेरीत हा तांडा नव्हता. मी गाडी बाजूला घेतली.

एक तरुण बाई कडेवर वर्षाचं लेकरू घेऊन दारात आली, मला बघितलं आणि झटकन आत गेली. खोटं कशाला लिहू? मला तुमचा फार वाईट संशय आला.

मग एक म्हातारी आली. कोण, कुठली, विचारायला लागली. टँकरवाल्या दादाची बायको म्हटल्यावर ती खालीच बसली. आत गेलेली तिची सून. त्या दिवशी ती बाळंत झाली होती आणि तांड्यात घागरभर पाणी नव्हतं. पोरांनी तुमचा टँकर अडवला. तुम्ही म्हणालात, घेताय तर सगळं घ्या, मी दुसरा भरून आणतो, अर्धा टँकर वळणावर ऐकत न्हाई.

"पर पुढच्या गावच्या लेकराच्या तोंडचं पानी आमी कसं घ्यावं, बाई?" म्हातारी म्हणाली. "अर्ध्यावर आमीच नळी काढली. लई नको म्हनत हुता."

वर्षभर त्यांनी तोंड उघडलं नाही. फेरीबाहेरचं पाणी घेतलं म्हणून आपल्यावर बालंट येईल, ही भीती. मला त्यांचा राग आला, अजून आहे. त्यांनी सगळं घेतलं असतं तर तुम्ही आज घरी असता. आणि तुम्ही? नको म्हणत होतात, मग निघालात कशाला? तिथंच बसून का नाही राहिलात?

निघताना मी विचारलंच, हात कुठं होते त्यांचे?

म्हातारीनं आपले दोन्ही हात हवेत धरले, एक डावीकडं, एक उजवीकडं. "चाकावरनं सुटना गेले, बाई. आमी एकेक बोट सोडिवलं."

काल घरी आल्या आल्या प्रज्ञाला परात दिली आणि तसेच हात धरायला लावले. मग सांगितलं, तुझ्या बाबांचे हात असे होते. ती बराच वेळ परात सोडेना.

उद्या पास झाले की बचत गटाचा पाण्याच्या टाकीचा टेम्पो मी चालवणार आहे. शब्द देते. त्या तांड्यावर थांबेन, पण टाकी पार रिकामी केल्याशिवाय वळणाला लागणार नाही, त्यांनी कितीही नको म्हटलं तरी. आणि टेम्पोची पहिली फेरी मालकाच्या दारावरून नेणार आहे. त्याला बाहेर बोलावून चारचौघांत विचारणार आहे, एक हात तुम्हाला कुठून दिसला?

तेव्हा माझे दोन्ही हात स्टेरिंगवर असतील.

तुमची फौजदारीण,
शोभा