जित्याच्या नावाचं पीठ

९ डिसेंबर २०१८, रविवार. सरावली

नविन, लिहायला फार उशीर झाला, रागवू नको. दिवाळीला आलात तेव्हा सुनिताने ही वही हातात दिली आणि म्हणाली, बाबा, दिवसातून सहा वेळा मस्कतला फोन करण्यापेक्षा मनात येईल ते यात लिहा, पुढच्या सुट्टीत सगळे बसून वाचू. टोमणाच होता, पण गोड होता. मी आश्रमशाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस. जोडाक्षर आलं की अडखळतो. म्हणून वही पेटीतच राहिली. आज नव्या घरात आलो, तर म्हटलं सुरुवात करू.

घर चांगलं आहे. प्रितेशशेठच्या चिकूच्या वाडीत, अगदी मागच्या टोकाला. तीन खोल्या एका रांगेत, एकीतून दुसरीत जायचं. पश्चिमेच्या खोलीचं दार समुद्राकडे, पूर्वेच्या खोलीचं दार आपल्या तलासरीच्या डोंगरांकडे. मधली खोली मोठी, तिथे माझी खाट टाकली आहे. खाली काळी लादी, पाय ठेवला की गार. नळ घरातच आहे. आज मी तो उगीच दोनदा उघडून पाहिला.

निघताना काळी रुसली होती. तुझी आत्या कशी आहे तुला माहीत आहे. म्हणाली, कुडाचं घर हललं तर नुसतं हलतं, सिमेंटचं पडलं तर आमचा चैत्या भाकरीसारखा थापला जाईल. सगळे हसले. पण नोव्हेंबरपासून जमीन हलते आहे आणि तुझ्या जिवाला तिकडे घोर. म्हणून आलो. वाडीचा राखणदार सदू चहा घेऊन आला होता. म्हणाला, पोरगा अरबस्तानात आणि बाप चिकू राखायला, चांगली वाटणी केलीत. माणूस बोलका आहे. मला करमेल.

१९ डिसेंबर

काल तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हापासून डोकं शांत नाही. म्हणून नीट लिहून काढतो.

मस्कतला आता तिथल्याच लोकांना कामं द्यायची असं ठरलं आहे. तुझ्या कागदाची मुदत संपली की कंपनी तो वाढवून देणार नाही. उधव्याचा मनिष मलेशियाला आहे, तो बोलावतो. तो म्हणतो, इथे आपल्यासारखा पाऊस, आपल्यासारखी हिरवळ, तीन वेळा भात, वाळवंटात कशाला कुजतोस. पण पहिलं वर्ष तुला एकट्याने राहावं लागेल. सुनिता आणि मयुराचा कागद मागून होणार. मयुरा पहिलीत, मैत्रिणी सोडणार नाही म्हणून रडते. सुनिता म्हणते, जिथे माणूस नको झालाय तिथे पाहुण्यासारखं किती दिवस बसायचं, गेलेलं बरं. तू म्हणतोस, नवी भाषा, नवा मुकादम, पुन्हा शून्यातून.

दोन्हीकडचं सगळं बोलून झालं. घरी यायचं मात्र कोणीच काढलं नाही. मीही काढलं नाही. इथे येऊन तू करणार काय?

मग तू म्हणालास, बाबा, तुम्हाला काय वाटतं, तुम्ही सांगाल ते करतो. नविन, मला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. मी वेळ मागून घेतला.

२ जानेवारी २०१९

सायवनला भगताकडे जाऊन आलो. बाबल्या भगत सुपात तांदूळ टाकून बघतो, तुझ्या लग्नाच्या वेळीही त्यानेच पाहिलं होतं. तो घराबाहेर ताडपत्रीखाली बसला होता. म्हणाला, चैत्यादादा, जमीनच जागेवर नाही, सुपातला तांदूळ थरथरतो, वाचू काय? धक्के थांबले की या. लोक हसले. मला हसू आलं नाही. तुझी मुदत काही धक्के थांबायची वाट बघणार नाही.

येताना जीपमध्ये एक गोष्ट सुचली. माझा आजा वारला तेव्हा आईने त्याच्या जागेवर तांदळाचं पीठ पसरलं होतं आणि वर डालगं उपडं ठेवलं होतं, कोंबड्या झाकायचं. सकाळी उचललं तर पिठावर पावलाची खूण होती. त्यावरून मोठी माणसं म्हणाली की आजा अमक्या वाटेने गेला. मी लहान होतो, पण ते पीठ मला आठवतं. पीठ वाट दाखवतं. मग तुझी वाट का दाखवणार नाही?

६ जानेवारी

मधल्या खोलीत पसरलं. तुझं नाव घेतलं आणि विचारलं, मस्कत की मलेशिया? खरं सांगतो, तोंडाने एवढंच म्हटलं, पण पोटातून तिसरंच आलं. म्हटलं, नको मस्कत, नको मलेशिया, घरी ये. मग डालगं ठेवलं.

७ जानेवारी

पाऊल उमटलं! एकच, उजवं. अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. टाचेला आडवी चीर. लहानपणी नांगराचा फाळ लागला होता ना तुला, तीच. नविन, ते तुझंच पाऊल आहे. बोटं पूर्वेकडे, मलेशियाच्या बाजूला.

लगेच फोन करून सांगितलं, मलेशिया कर, बिनधास्त कर. पिठाचं नाही सांगितलं, तू हसला असतास. तुझा आवाज एकदम मोकळा झाला. मलाही आज भाकरी गोड लागली.

१३ जानेवारी

पीठ मी अजून पुसलेलं नाही. म्हटलं, पुढचं पाऊल पडतं का बघू. मला थोडक्यात समाधान नाही, तू जाणतोस.

पडलं. पण डालग्याखाली नाही. विहिरीवरून कपडे धुऊन आलो तर पश्चिमेच्या दारापासून पावलं, एकापुढे एक, नुसत्या काळ्या लादीवर, पांढरी. तिथे मी पीठ टाकलंच नव्हतं. ती मधल्या खोलीपर्यंत येतात, डालग्याच्या जरा पुढे जातात आणि संपतात. पूर्वेच्या खोलीत एकही नाही.

सदूवर संशय घेतला. त्याला बोलावून अनवाणी उभं केलं. त्याचं पाऊल फावड्यासारखं रुंद. तो म्हणाला, दादा, पायाचं माप कशाला, पोरीसाठी नवरा बघताय का? मी त्याला पावलं दाखवली. तो ती बघून चहा न घेताच गेला.

१७ जानेवारी

तुझा कॉल. तू हसत सांगत होतास की कामावरून आल्यावर बूट काढला तर मोज्यांना आतून पांढरं पीठ. सुनिता मागून ओरडली, चोरून भाकऱ्या थापतो वाटतं हा, घरात कधी हात लावत नाही. तुम्ही हसत होतात. मी विचारलं, कोणत्या पायाला? तू म्हणालास, दोन्ही. आणि पाय गार पडतात, तिकडच्या उन्हातसुद्धा.

मी लादीवरच्या पावलांकडे बघत बसलो. तू म्हणालास, बाबा, आवाज येत नाही का?

२१ जानेवारी

मयुराशी बोललो. भर दुपार होती, दारं सताड उघडी. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, आजा, बाबा तिकडे कधी आला? सुनिता हसली, अगं बाबा इथे जेवतोय. मयुरा म्हणाली, नाही, आजाच्या मागे उभा आहे, पांढरे पाय केलेत.

फोनच्या कोपऱ्यात माझं लहान चित्र दिसत होतं. माझ्या खांद्यामागे — मी फोन उलटा ठेवला. मागे वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने पाहिलं. कोणी नव्हतं.

२४ जानेवारी

तुला सांगितलं, जाऊ नको. तू चिडलास. बरोबर आहे तुझं. म्हणालास, बाबा, तुम्हीच सांगितलंत, मी इथलं काम सोडतो म्हणून लिहून दिलं, खोली सोडतोय, आता काय तोंडाने थांबू? मी म्हटलं, पीठ. तू म्हणालास, कसलं पीठ? मी सगळं सांगितलं. तू हसला नाहीस. थकून म्हणालास, तुम्ही एकटे पडलात तिथे, झरीला आत्याकडे जाऊन राहा थोडे दिवस.

पावलं तिथेच आहेत. मध्येच. दोन्ही जोडून, उभी असल्यासारखी.

३१ जानेवारी

झरीला गेलो. आधीच जायला हवं होतं. काळीच्या बोलण्याची भीती वाटत होती.

ती अंगणात तांदूळ पाखडत होती. ऐकता ऐकता तिचं सूप थांबलं. म्हणाली, चैत्या, पीठ मेलेल्यासाठी पसरतात. तुझ्या घरात कोण मेलाय? मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, मग नाव कोणाचं घेतलंस?

मी तुझं नाव सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, अरे, आपल्या आज्याला विचारलं तेव्हा आजा मातीत गेला होता. तू जित्याचं नाव घेऊन पीठ पसरलंस, म्हणजे तो गेला असं तूच सांगितलंस. आणि वर घरी ये म्हणालास. मेलेला घरी कसा येतो ते तुला माहीत नाही?

मग ओरडली, बसलास काय, ऊठ! पीठ गोळा करून वाहत्या पाण्यात सोड. लादी का असेना, शेणाने सारव, पावलं झाकली पाहिजेत. पण पोर आपल्या जागी आहे तोवर. एकदा त्याने प्रवासाला उंबरठा ओलांडला की जमिनीला हात लावू नको, पोचल्याचा निरोप येईपर्यंत. घरातून माणूस निघाला आणि मागे लगेच सारवलं, असं आपण कधी करतो, ते तुला सांगायला नको.

तिरडी उठल्यावर करतो.

शेण तिनेच पाटीत भरून दिलं. जीप मिळाली नाही. उधव्याच्या नाक्यापर्यंत चालत आलो. घरी पोचलो, पाटी खाली ठेवली आणि फोन पाहिला. तुझा निरोप होता, बोलून पाठवलेला. बाबा, तिकीट अचानक आलं, आजच निघतोय. फोन लावला, तुम्ही उचलला नाही. काळजी करू नका. पोचलो की कळवतो.

रस्त्यात मला वाजलेलं ऐकू आलं नाही. बहिरा झालोय का मी.

शेणाची पाटी समोर आहे. पीठ समोर आहे. हात लावता येत नाही.

१ फेब्रुवारी, सकाळ

सुनिताला फोन केला, ती आणि मयुरा अजून मस्कतलाच आहेत. म्हणाली, विमानात फोन बंद असतो, मध्ये एक विमान बदलायचं आहे, तिथून पुढे बस. धीर धरा. मयुराने फोन मागितला, तिने दिला नाही.

पावलं जागची हलली नाहीत. हे बरं की वाईट? मलेशिया पूर्वेला आहे. पूर्वेच्या खोलीत एक तरी पाऊल पडू दे. दारात बसून वाट बघतो आहे. एकच पडू दे.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

दुपारी मोठा धक्का बसला. भांडी पडली, भिंतीला चीर गेली. सदूने मला हाताला धरून बाहेर ओढलं. वाडीतली सगळी माणसं बाहेर. सदू म्हणाला, दादा, आता आत जाऊ नका, माझ्या झोपडीत या. पण निरोप यायच्या आत घरात काही पुसलं गेलं तर — म्हणून आत आलो.

छताचा चुना सगळीकडे पडला आहे. डालगं घरंगळून भिंतीला गेलं. पावलांवर चुन्याचा कणही नाही. कडा तशाच धारदार.

२ फेब्रुवारी

निरोप नाही. सुनिता म्हणते, नवं सिमकार्ड मिळालं नसेल. मनिषला विचारलं तर तो बसस्टँडवर उभा राहून परत गेला. म्हणाला, पुढच्या गाडीने येईल.

मी स्वतः पश्चिमेच्या दारापासून पूर्वेच्या दारापर्यंत चालून आलो, पायाला पीठ लावून. म्हटलं, तुझ्या वाटची पावलं मी घालतो. लादीवर माझं एकही उमटलं नाही.

२ फेब्रुवारी, नंतर

काळीला फोन केला. ती रडली. काळी रडली, नविन. म्हणाली, पुसू नको, काहीही झालं तरी पुसू नको. आणि हाक ऐकू आली तर ओ देऊ नको.

३ फेब्रुवारी

निरोप नाही. सुनिता आता फोन उचलते आणि लगेच ठेवते.

पावलं वळली आहेत. काल बोटं पूर्वेकडे होती. आता या बाजूला. खाटेकडे.

३ फेब्रुवारी

भाकरी भाजायला गेलो तेवढ्यात एक पाऊल पुढे. ओलं आहे. समुद्राच्या पाण्याचा वास येतो —

सदू बाहेरून हाका मारतो आहे, बाहेर या, बाहेर या. की सदू नाही? सदू मला दादा म्हणतो. हा बाबा म्हणतो आहे.

मी ओ दिली नाही.

नविन, मी पोटातून म्हटलं होतं ते खरं धरू नको. म्हातारा माणूस, एकटा, बोलून गेलो. घरी ये म्हणालो नाही मी. नाही म्हणालो. तू घरी येऊ नको, बाळा. इकडे काही नाही तुझं. तिकडेच जा, त्या पावसाच्या गावात, मनिष थांबला आहे. पोच. कसाही पोच. पोचलास की आधी मला कळव, सुनिताला मागून. बोलू नको हवं तर, नुसता एक मिस कॉल दे, मी समजेन. लवकर दे. खाटेशी आली आहेत, बोटं माझ्याकडे — मी पाय वर घेतलेत — खाट एका बाजूने दबली — कळव, नविन, लवकर कळ